खालच्या पट्टीतला आवाज

१

गेली एकोणतीस वर्षं मी वजनकाटे तपासतो. सकाळी पोलादी वजनांची पेटी गाडीत टाकायची, दुकानं, गोदामं, कारखाने पालथे घालायचे, एकेक वजन काट्यावर ठेवून आकडा बघायचा आणि बरोबर असला तर शिक्का मारायचा. दुकानदार मला तोंडावर साहेब म्हणतात आणि पाठ फिरली की 'शिक्का' म्हणतात. हे नाव बायकोलाही ठाऊक आहे. माझं डोकं एखाद्या गोष्टीवर अडून बसलं की ती म्हणते, "झालं, मारा एकदाचा शिक्का."

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून कोणालाही वाटेल की हा माणूस भोळसट आहे. मी भोळसट नाही. कोणी सांगितलं म्हणून मी काही मानत नाही, मोजून बघतो.

बायको एका मोठ्या दवाखान्याच्या टेलिफोनवर बसायची. बावीस वर्षं तिने लोकांचे आवाज इकडून तिकडे जोडून दिले आणि मग तिचेच कान जायला लागले. आधी घड्याळाचा गजर ऐकू येईना, मग दाराची घंटा, मग फोनवर कोणी सांगितलेले आकडे. नोकरी सुटली. दोन्ही कानांत यंत्रं आली. यंत्रांनी आवाज मोठे झाले, पण शब्द काही परत आले नाहीत.

कानांच्या डॉक्टर बाईंनी मला समोर बसवून समजावलं. "यांचे वरचे सूर गेलेत, खालचे अगदी शाबूत आहेत. शब्द कळतात ते वरच्या सुरांमुळे. म्हणून कोणीतरी बोलतंय हे यांना समजतं, पण काय बोलतंय ते समजत नाही. समोर येऊन, ओठ दिसतील असं बोलत जा. आणि राग मानू नका, पण तुमचा आवाज मुळातच जरा बारीक आहे."

राग कसला मानतोय? बारीक आवाजावरून मी शाळेपासून बोलणी खात आलोय.

मग आम्ही घरात एक पद्धत पाडली. बोलायच्या आधी मी टेबलावर नाहीतर जमिनीवर दोनदा थाप मारायची. ती थाप तिला हाताला, पायाला कळायची. ती वळायची, माझ्या ओठांकडे बघायची आणि मग मी बोलायचो. पाठीमागून बोलायचं नाही, हा नियम. नियमात खोट काहीच नव्हती, पण दोन थापा मारून कोणी गप्पा मारत नाही हो. दोन थापा मारून माणूस 'औषध घेतलंस का' आणि 'मी निघतो' एवढंच सांगतो. जेवणानंतरच्या आमच्या गप्पा एकेकाळी तासनतास चालायच्या, त्या वर्षभरात आटून गेल्या. आम्हाला मूलबाळ नाही. घरात दोन माणसं, आणि त्यांचंही एकमेकांशी बोलणं नाही. मला तिच्याशी पुन्हा बोलायचं होतं, दुसरं काही नको होतं.

२

लग्नाआधी मी एका ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवायचो. गिटार तेव्हाच जुनी होती. एका म्हाताऱ्या वादकाकडून घेतलेली, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. लग्न ठरलं आणि मी वाजवणं सोडलं. संसारासाठी सोडलं, असं आमच्या नात्यात सगळे मानतात. बायको तर पाहुण्यांना कौतुकाने सांगते. पुढची सव्वीस वर्षं ती गिटार माळ्यावर जुन्या गाद्यांच्या मागे पडून होती.

'खालचे अगदी शाबूत आहेत.' गाडी चालवताना डॉक्टर बाईंचं हे वाक्य माझ्या डोक्यात घोळायचं. एका संध्याकाळी घरी आलो, शिडी लावली आणि माळ्यावर चढलो.

पेटी उघडली तेव्हा लाकडाचा आणि जुन्या रोगणाचा वास आला. रोगणाला बारीक चिरा गेल्या होत्या. अंगठा टेकायच्या जागी रंग उडून खालचं पिवळं लाकूड दिसत होतं. चारही तारा काळ्या पडलेल्या. आवाजाचं बटण फिरवलं की स्पीकरमधून खरखर यायची. अँप्लिफायरचा लाल दिवा आधी लागेचना, मग आळस दिल्यासारखा हळूहळू लागला. मी पलंगाच्या कडेला बसलो, गिटार मांडीवर घेतली आणि सगळ्यात जाड, चौथी तार मोकळीच छेडली.

खिडकीची काच थरथरली. माझ्या छातीच्या हाडात तो सूर भरून राहिला. मला हसूच फुटलं, आणि खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणीही आलं. इतकी वर्षं मी हे कशासाठी बांधून ठेवलं होतं?

बायको ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून धावत आली. "अहो! हे मला ऐकू येतंय."

"थरथर कळतेय, की ऐकू येतंय?" मी तोंड वर करून विचारलं.

"ऐकू येतंय हो! सूर कळतोय मला. परत वाजवा."

त्या दिवसापासून संध्याकाळचे आमचे दोन तास ठरून गेले. स्पीकरची पेटी खोलीच्या कोपऱ्यात होती. ती एक बुटकं स्टूल घेऊन त्या पेटीला पाठ टेकून, तोंड खिडकीकडे करून बसायची, म्हणजे सूर पाठीतून आत जायचा. मी पलंगावर, डाव्या हाताच्या बोटांकडे बघत. बोटांकडे बघितल्याशिवाय मला अजून जमत नव्हतं. त्यामुळे एका खोलीत असून आम्ही एकमेकांचं तोंड बघायचो नाही. तिच्या शेजारी एक वेताची खुर्ची रिकामी असायची, त्यावर कधी वाळलेले कपडे पडलेले असायचे.

पहिल्या आठवड्यात बोटांना फोड आले, दुसऱ्यात ते फुटले, तिसऱ्यात घट्टे पडले. ते घट्टे मी दिवसभर अंगठ्याने चाचपायचो. एका गोदामात काट्यावर वजनं ठेवता ठेवता मी फळीवर ठेका धरला, तेव्हा मालक बिचारा घाबरून म्हणाला, "साहेब, काही चुकलं का?" मी म्हटलं, "काही नाही, पास." इतका आनंद मला नोकरीत कायम झालो तेव्हाही झाला नव्हता. आणि नवल म्हणजे मी तरुणपणापेक्षा चांगलं वाजवत होतो. तेव्हा माझा ताल सुटायचा. आता सुटत नव्हता. कोणीतरी शेजारी बसून पाय आपटत असावं, इतका तो पक्का झाला होता.

३

एका मंगळवारी, संध्याकाळी सहाच्या सुमारास, मी वाजवत होतो. बायको माझ्याकडे न वळता म्हणाली, "हो, काढते उद्या."

मी थांबलो. जमिनीवर दोनदा टाच आपटली. ती वळली.

"काय काढतेस?"

"जाड पांघरुणं. तुम्हीच म्हणालात ना आत्ता, गारठा वाढलाय म्हणून?"

मी काही म्हणालो नव्हतो. वाजवताना मी जिभेचं टोक दातांखाली धरतो, ही माझी फार जुनी खोड आहे. ऑर्केस्ट्रातले त्यावरून मला चिडवायचे. जीभ दातांखाली असताना माणूस बोलत नाही. पण कदाचित मध्येच पुटपुटलो असेन, असं मी स्वतःला समजावलं. गारठा तर वाढला होताच.

दोन दिवसांनी पुन्हा तसंच झालं, पण या वेळी वाजवता वाजवता तिचे खांदे हलताना दिसले. ती रडत होती. मी गिटार खाली ठेवून दोन थापा मारल्या. ती वळली, तेव्हा तिच्या तोंडावर जे होतं ते मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. सुखच होतं ते.

"किती वर्षांनी विचारलंत," ती म्हणाली.

मी उठून तिच्यासमोर गेलो.

"नोकरी सुटली तेव्हा सगळे म्हणाले, बरं झालं, सुटलीस, आराम मिळाला. माझी ताईसुद्धा तेच म्हणाली. मला काय वाटलं, हे कोणी विचारलंच नाही हो. आज तुम्ही विचारलंत." तिने पदराने डोळे पुसले. "मला वाटायचं, तुमच्या ते लक्षातच आलं नाही."

लक्षात आलं नव्हतंच. मी विचारलंही नव्हतं. त्याच क्षणी सांगून टाकायला हवं होतं, की बाई गं, मी तोंडही उघडलेलं नाही. पण ती माझ्याकडे इतक्या मायेने बघत होती, आणि मी त्या नजरेला वर्षभर भुकेला होतो. मी मान हलवली. तिला ओठ वाचता येतील असं सावकाश म्हणालो, "हो. उशीरच झाला विचारायला."

दुसऱ्याच्या मालावर मी माझा शिक्का मारला. माझ्या धंद्यात याला शिक्षा आहे.

४

दुसऱ्या दिवशी कामातून वेळ काढून मी डॉक्टर बाईंकडे एकटाच गेलो.

"होतं असं," त्या म्हणाल्या. "ऐकणं कमी झालं की मेंदू रिकाम्या जागा आपल्या पदरचं घालून भरतो. कोणाला गाणी ऐकू येतात, कोणाला बोलणं. यांना तुमचा आवाज हवाहवासा वाटत असेल, म्हणून तोच ऐकू येत असेल. यात घाबरण्यासारखं काही नाही."

"त्या बोलण्यातून तिला काही नवीन कळू शकतं का? म्हणजे तिला माहीतच नसलेलं?"

"नवीन कुठून कळणार? जे आपल्या डोक्यात असतं तेच."

मला हायसं वाटलं. घरी येताना मी मनातल्या मनात पास असा शिक्काही मारला.

त्या संध्याकाळी वाजवायला बसलो, आणि बायको खुदकन हसून म्हणाली, "जा रे, तुझं आपलं काहीतरीच."

लग्नाआधी ती मला अरे-तुरे करायची. सासरी आल्यावर चार माणसांत बरं दिसत नाही म्हणून 'अहो' झालं, ते तसंच राहिलं. सव्वीस वर्षांनी तो 'रे' ऐकून मी असा सुखावलो की ताल सोडून दोन सूर जास्तीचे वाजवले. पण गिटार खाली ठेवून मी तिच्यासमोर गेलो तर ती म्हणाली, "अहो, पाणी तापलंय, आंघोळ करून घ्या." त्यानंतर रोज तसंच होऊ लागलं. मी वाजवत असेपर्यंत एक बोलणं, आणि थांबलो की दुसरं.

मी वाजवणं थांबवलं नाही. थांबवावंसं वाटत नव्हतं. ती हसत होती, गाणं गुणगुणत भांडी घासत होती. आणि माझी बोटं, कोणीतरी हात धरून चालवावं तशी तारांवरून चालत होती. या वयात एवढं सुख कोण टाकून देईल?

आठवडाभराने, एका शनिवारी मी वाजवून संपवलं आणि ती स्टुलावरून उठून सरळ माझ्याजवळ येऊन बसली. माझ्या घट्टे पडलेल्या बोटांवर तिने हात ठेवला.

"बरं केलंत, सांगून टाकलंत ते," ती म्हणाली. "ऑर्केस्ट्राने तुम्हाला काढलं होतं ते. ताल सुटतो म्हणून. मला राग नाही आला. इतकी वर्षं एकट्याने मनात ठेवलंत, याचंच वाईट वाटलं."



हे कोणालाही ठाऊक नव्हतं. कार्यक्रम संपल्यावर सभागृहामागे गाड्या लावायच्या जागेत ऑर्केस्ट्राच्या मालकाने मला एकट्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, उद्यापासून येऊ नकोस. तो माणूस कधीचाच वारला. मी घरी येऊन सगळ्यांना सांगितलं की लग्न ठरलंय, आता हे पुरे. ते खोटं मी इतकी वर्षं सांभाळलं होतं. बायकोच्या डोक्यात ही गोष्ट असणं शक्यच नव्हतं. ती फक्त माझ्या डोक्यात होती.

"हो ना?" तिने माझ्या ओठांकडे बघत विचारलं.

मी पुन्हा 'हो' म्हणून मान हलवली.

५

पुढच्या आठवड्यात ताईचा, म्हणजे माझ्या मेव्हणीचा, मला निरोप आला. 'ती माझ्या एकाही निरोपाला उत्तर का देत नाही? भांडण झालंय का तुमचं?' मी घरी आलो तर बायकोच्या कानांत यंत्रं नव्हती. कपाटाच्या खणात डबीत ठेवलेली सापडली.

दोन थापा मारून मी विचारलं, "ही का काढलीस?"

"तुम्हीच म्हणालात. टोचतात ती, काढून ठेव, मी आहे ना."

"आणि ताईला का कळवत नाहीस काही?"

"तेही तुम्हीच म्हणालात की. ती उगीच जिवाला घोर लावून घेते, नको कळवूस."

"मी असं काहीही म्हणालो नाही." मी हे दोनदा म्हणालो.

तिने ओठ वाचले आणि हसली. "हल्ली फार विसरता तुम्ही."

त्या दिवसापासून मी वाजवताना बोटांकडे बघणं सोडलं आणि तिच्याकडे बघू लागलो. बोटांना माझी गरज नव्हती, ती आपली चालत होती. बायको स्पीकरला पाठ टेकून बसलेली असायची, पण तिची मान स्पीकरकडे नसायची. ती डावीकडे कललेली असायची, वेताच्या खुर्चीकडे. शेजारी बसलेल्या माणसाचं हळू बोलणं ऐकताना आपण कलतो तशी. खुर्चीवर कपडे ठेवणं तिने बंद केलं होतं.

रविवारी दुपारी मी कचेरीतला प्लॅटफॉर्म काटा गाडीत घालून घरी आणला. पोती तोलतात तसला, जमिनीवर ठेवायचा. आकडे दाखवणारी डबी वायरीने जोडलेली असते, ती मी पलंगावर माझ्यासमोर ठेवली. काट्यावर वेताची खुर्ची ठेवली आणि आकडा शून्यावर आणला.

"ही काय नवीन भानगड?" बायकोने विचारलं.

"कामाचं आहे, तपासायचंय."

"मारा शिक्का," ती म्हणाली आणि स्टुलावर जाऊन बसली.

खोलीत लख्ख ऊन होतं. मी पहिली तार वाजवली. शून्य. दुसरी, तिसरी. आकडा दहा-वीस ग्रॅम खालीवर झाला. ती थरथर, हे मला कळत होतं. कारखान्यात शेजारी यंत्र चालू असलं की काटा असाच थरथरतो. अशा काट्याला एक हिरवा दिवा असतो. वर ठेवलेली वस्तू पूर्ण स्थिर झाली तरच तो लागतो. थरथरीने आकडा कितीही नाचला तरी तो दिवा लागत नाही. मी याच दिव्याच्या भरवशावर बसलो होतो.

मी चौथी तार छेडली आणि तो खालचा सूर धरून ठेवला.

बायकोची मान डावीकडे कलली. ती हसली. आकडे धावले, भरभर वर गेले, एकदा मागे आले आणि थांबले. एकाहत्तर किलो चारशे. हिरवा दिवा लागला.

मी डबीकडे बघत राहिलो. दिवा चुकूनही मिणमिणला नाही. खुर्चीकडे बघायचं धैर्य होत नव्हतं, पण बघितलं. खुर्ची रिकामी होती. फक्त वेताची वीण मधोमध खाली गेली होती. बोट उचलून मी सूर तोडला, तशी ती वीण करकरत वर आली आणि आकडा शून्यावर गेला.

आमच्या धंद्यात मोठा काटा तपासताना आधी आपण स्वतः त्याच्यावर चढून बघतो. वजनं लावायच्या आधी अंदाज येतो. त्यामुळे आपलं वजन प्रत्येकाला तोंडपाठ असतं. शुक्रवारीच मी एका गोदामात चढलो होतो. एकाहत्तर किलो चारशे.

खरं तर तेव्हाच खुर्ची बाजूला सारून मी काट्यावर चढायला हवं होतं. माझं वजन आता किती भरतंय ते बघायला हवं होतं. मोजून बघणारा माणूस मी. पण मी चढलो नाही. काट्याची वायर काढली, त्याला चादरीत गुंडाळलं आणि गाडीत नेऊन टाकलं.

६

त्याच संध्याकाळी मी गिटारच्या चारही तारा काढल्या. त्यांचं वेटोळं करून लांबच्या एका कचराकुंडीत टाकून आलो. अँप्लिफायरची वायर कापली. गिटार पेटीत घालून माळ्यावर गाद्यांच्या मागे ढकलली. शिडीवरून उतरताना मला रडू आलं. हात नुसते लोंबकळत होते, त्यांना काय करावं ते कळत नव्हतं.

मला वाटलं होतं की बायको विचारेल, रुसेल, निदान एकदा वाजवा म्हणून हट्ट धरेल. तिने विचारलंच नाही. सोमवार गेला, मंगळवार गेला. ती शांत होती, दोन थापा मारल्या की वळायची, बोलायची. फक्त उत्तर द्यायच्या आधी तिची नजर जरा डावीकडे जाऊन यायची. मी मनाशी म्हटलं, सवय आहे, जाईल हळूहळू.

बुधवारी मी लवकर, चार वाजताच घरी आलो. बूट काढत होतो तेव्हा आतल्या खोलीतून तिचं बोलणं ऐकू आलं. सलग, गप्पा मारावं तसं. मध्येच थांबायची, मग हसायची, मग पुन्हा बोलायची. "नाही रे, ती तर आपली लग्नाआधीची गोष्ट," असं काहीतरी म्हणाली. आम्ही दोघं जेवणानंतर बोलायचो, अगदी तसंच चाललं होतं. मी तिथेच उभा राहून ऐकत राहिलो, आणि कोणाला हसू येईल, पण भीतीच्या आधी मला असूया वाटली.

दारात जाऊन बघितलं. ती स्टुलावर बसली होती. समोर तिपाईवर चहाचे दोन कप होते, एक तिच्यापुढे आणि एक वेताच्या खुर्चीपुढे.

मी दारावर दोनदा थाप मारली. ती वळली नाही. तिने हात वर केला, थांबा म्हणून. समोरच्याचं पुरं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि मग माझ्याकडे बघितलं. मला पाहून ती गोंधळली. खुर्चीकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे.

"तुम्ही बाहेरून कसे आलात?" तिने विचारलं.

ओठ वाचण्यावर आता माझा भरवसा राहिला नव्हता. कामाच्या वहीतला कागद फाडला, तिपाईवर टेकवला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं. 'तो मी नाही. मी आत्ता आलो. गिटार वाजवताना मी कधीच काही बोललो नाही. एक शब्दही नाही.'

तिने वाचलं. परत वाचलं. तिच्या तोंडावरचा रंग उतरत गेला. ती माझं म्हणणं खरं मानते आहे, हे मला दिसलं, आणि या सगळ्यात मला केवढा आधार वाटला. तिने माझं ऐकलं होतं.

"नोकरीचं विचारलंत ते?"

मी मान हलवली. नाही.

"ऑर्केस्ट्राचं सांगितलंत ते?"

नाही.

"मग त्या वेळी हो का म्हणालात तुम्ही?"

पेन माझ्या हातात होतं. तुझी माया हवी होती, असं लिहावं म्हणून वाकलो, आणि तिने माझं मनगट धरलं.

"थांबा," ती म्हणाली. तिची मान डावीकडे कलली. "मग हे आत्ता कोण बोलतंय?"

घरात एकही तार नव्हती. बाहेर रस्त्यावर गाड्यांचा आवाज होता आणि खोलीत काही नव्हतं, मी शपथेवर सांगतो. "कोणी नाही," मी म्हणालो. "अगं, कोणी नाही. माझ्याकडे बघ. मी इथे आहे." मी ओरडलोही असेन. माझा बारीक आवाज माझ्याच कानाला चिरका लागला. तिची नजर माझ्या ओठांवर होती. ओठ हलत होते, पण तिला त्यातून काही ऐकू येत नव्हतं. दुसरीकडून मात्र येत होतं.

"काय म्हणतोय तो?" मी विचारलं.

तिने सांगितलं नाही. ऐकता ऐकता तिच्या तोंडावरची भीती हळूहळू ओसरली. तिने माझ्याकडे बारकाईने बघितलं, डोक्यापासून पायांपर्यंत, दारात आलेल्या अनोळखी माणसाकडे बघावं तसं. माझं मनगट सोडून दिलं. वेताची वीण एकदा करकरली.

मग तिने कागद उचलला आणि मधोमध फाडला. तुकडे एकावर एक ठेवून पुन्हा फाडला. चारही तुकडे नीट जुळवून तिने खुर्चीपुढच्या कपाजवळ ठेवले.

"फाडला," ती खुर्चीकडे बघून म्हणाली. "आता काय करू?"